हाताची घडी

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई, तू होय! बोल, पण पटकन बोल. सभा सुरू व्हायला आलीय… हो, हॉलमध्येच आहे… अगं माणसं आलीत, पण बसलं कोणीच नाहीये. सगळे चहाच्या टेबलाभोवती… मी नाही गं ‘हॅलो हॅलो’ करत, तो माईकवाला करतोय!

काय?… छोटी म्हणू नकोस मला. लहानपणापासून तुझं हेच. छोटी म्हटलं की पुढे काहीतरी मागायचंच असतं.

हं… हं… अगं पण… ऐक ना… ताई, आधी हे सांग, दाजींनी बसवलंय का तुला फोनवर?… मग मागे कोण कुजबुजतंय?… टीव्ही? टीव्ही तुला ‘तिला सांग तक्रार मागे घे’ असं म्हणतो होय?

नाही… नाही घेणार. कारण ती माझी तक्रारच नाही! ती आमच्या क्रेनवालीची आहे. मी युनियनची सेक्रेटरी. तिने लिहून दिलं, मी सभेत वाचायचं, एवढंच माझं काम… ‘विसरले’ कसं म्हणू? आज सभेत पहिला विषयच तो आहे… नाही, चष्मा घरी राहिला असंही नाही म्हणता येत. नाकावर आहे चष्मा!

एक मिनिट हं… अहो दादा! तो फलक जरा डावीकडे घ्या… डावीकडे!… तुमच्या नाही, माझ्या डावीकडे! ‘समान काम, समान मान’ मधलं शेवटचं सगळं पडद्याआड गेलंय. नुसतंच काम दिसतंय… हो, आता बरं.

बोल गं… काही नाही, समानतेचा फलक लावताहेत. त्याला सरळ लटकता येत नाही अजून.

हो… हो, माहितीये मला. मला या कारखान्यात दाजींनीच चिकटवलं… हो… आणि मी शिफ्टला असायचे तेव्हा माझं पोर तूच सांभाळलंस. त्याची अंगाई तुझी, त्याचा पहिला दात तू पाहिलास, मी नाही. मी कधी नाकारलं का? चारचौघांत सांगते मी. ताई नसती तर मी पॅकिंगच्या टेबलाशी एक महिनासुद्धा टिकले नसते, असं सांगते… मग म्हणून काय करू? दुसऱ्या बाईच्या पोराचं दूध तोडू?

तोडू म्हणजे… जाऊ दे. तोंडातून गेलं… अगं काही नाही म्हटलं ना.

चेष्टा? कोण म्हणालं चेष्टा?… बरं, दाजींनी काय सांगितलं तुला? ऐकव जरा… हं… ‘पोरांनी जरा गंमत केली, ती रडकी निघाली.’… एवढंच?… बरं. बरं. छान.

ताई, आमची क्रेन कशी असते माहितीये तुला?… रस्त्यावरची नाही गं! आमची शेडच्या आत, छताखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत रुळांवर धावते. चालवणाऱ्याची केबिन वर, छताला चिकटून. शिडीने चढायचं. आणि तिथून खालचं सगळं दिसत नाही. मशीनच्या मागे कोणी उभं आहे की मोकळं आहे, वर काय कळणार? म्हणून खाली सिग्नलवाला. तो हात करील तसं वर चालवायचं. हात वर, हात खाली, थांब, सावकाश… हो, दाजी तेच करतात. अगं, मलाच काय सांगतेस! तुमच्या घरी जेवताना मीठसुद्धा हाताच्या खुणेने मागतात ते. त्यांच्यासारखा हात कारखान्यात दुसऱ्या कोणाचा नाही. मी कधी नाही म्हटलं? सगळ्या सिग्नलवाल्यांना त्यांनीच शिकवलंय. ते उभे राहिले की वरचा डोळे मिटूनसुद्धा वजन ठेवेल.

तेच तर म्हणतेय! म्हणूनच ते हात बांधून उभे राहिले की वरच्याचं सगळं संपलं.

आणि ऐक, हुकाला वजन लटकत असताना केबिन सोडायची नाही. काही झालं तरी नाही… आग लागली तर? आग लागली तर उतरायचं, ताई! शब्दात नको पकडूस मला आत्ता!

मंगळवारी हुकाला पत्र्याचं गुंडाळं होतं. अर्ध्या खोलीएवढं. उचललं, मशीनवर नेलं, आता ठेवायचं. आणि दाजींनी हाताची घडी घातली… हो, त्यांनीच. मग बाकीच्यांनी. सगळे ओळीने उभे, शाळेतल्या पोरांसारखे. ती वरून हॉर्न वाजवतेय, हे ढिम्म. तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला आणि सगळे गेले जेवायला… हो, गेले! वजन तिथेच, ती तिथेच. जेवले. पत्ते कुटले. तिकडे शेडमध्ये दिवे विझवलेले, आणि ती वर एकटी… मी काय खोटं बोलतेय का? फोरमनला विचार. तो आला तेव्हा उतरलं ते गुंडाळं.

काय हो उपाध्यक्षसाहेब?… फोनवर आहे मी… पाहुण्यांना गुच्छ द्यायला दोन बायका? कशाला, बाप्यांचे हात अवघडलेत का?… आणि चहा वाटायला आणखी तीन? अहो, विषय काय आहे आज सभेचा?… हो ना? मग फलकाकडे एकदा बघा आणि मग मला सांगा. बघा, बघा. आता सरळ लावलाय.

…ऐकलंस का ताई? समानतेच्या सभेत बायकांनी चहा वाटायचा. आणि हे सांगताना त्या माणसाला हसूसुद्धा येत नाही गं!

हं, बोल… काय?… ‘तिने कशाला चढावं तिथे, पोर अंगावर पितंय.’ हे तू म्हणतेस? ताई, तू?… मीपण शिफ्ट केली की पोर लहान असताना. तेव्हा तू मला म्हणाली होतीस का घरी बस म्हणून?… मी खालीच होते, ती वर आहे, एवढाच ना फरक? मग उंचीचा प्रश्न आहे का? उंचीवर बायकांना चक्कर येते असं दाजी म्हणाले?… तिला नाही येत. तिला तिथे इतकं आवडतं की शेडमधले तिला चिमणी म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, आता नावच पडलंय.

हे बघ, तक्रार मॅनेजरविरुद्ध असती ना, तर हीच सगळी माणसं आत्ता गेटवर बसून घोषणा देत असती. घसा बसेपर्यंत. पण तक्रार आपल्याच माणसाविरुद्ध निघाली, की सगळ्यांना एकदम आठवतं, युनियन म्हणजे कुटुंब. घरातलं घरात मिटवा. सकाळपासून किती जणांनी सांगितलं मला, घरातलं घरात! अरे, मग ती पोरगी काय रस्त्यावरची आहे? वर्गणी तिचीही कापतात की पगारातून!

आणि ते धोरण कोणी केलं? कोणाही सभासदाचा अपमान झाला, बाई म्हणून, जात म्हणून, भाषा म्हणून, तर तक्रार उघड सभेत ऐकायची, समोर कोणीही असो. याच हॉलात पास केलंय आम्ही. बाजूने असतील त्यांनी हात वर करा म्हटलं, तर तुझ्या नवऱ्याने दोन्ही हात वर केले होते. दोन्ही! हात मी मोजत होते, तर अध्यक्षांनी मला विचारलं, हे एक धरायचं की दोन?

हसू नकोस… मलाही येतं हसू. पण हसू नकोस.

काय होईल म्हणजे?… होईल ते होईल. सहा महिने सभासदत्व जाईल. मुख्य सिग्नलवाल्याची जागाही जाईल बहुतेक… मला आनंद होतोय असं वाटतं का तुला? मी दोन दिवस जेवले नाहीये नीट… आणि नाही वाचलं तर काय होईल ते विचार की! ती उद्यापासून स्टोअरमध्ये लेबलं चिकटवणार. तसं सांगितलंय तिने मला, आज सभेत माझं कोणी ऐकलं नाही तर मी परत त्या शिडीला हात लावणार नाही. आणि ती गेली ना ताई, की पुढे कुठलीही पोरगी लावणार नाही. सांगतील त्यांना, मागे एक चढली होती बघा, टिकली नाही.

आता बसलेत सगळे. समोर बसलीये ती. तिसऱ्या रांगेत. बाळ घेऊन आलीये… तिच्या बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. एवढा भरलेला हॉल, आणि त्या दोनच रिकाम्या.

नाव नको घेऊ? म्हणजे काय म्हणू?… ‘एक सिग्नलवाला’? ताई, चार सिग्नलवाले आहेत, त्यातला मुख्य एक! आणि तीन जण काय, ‘एक सिग्नलवाला’ म्हणून आयुष्यभर मान खाली घालून फिरतील?… नाही गं… नाही… दाजी माझे कोणी नसते तर तू हे मागितलं असतंस का?… हो, माझे आहेत म्हणूनच मागतेस, कळतंय मला. म्हणूनच मला देता येत नाही! उद्या सगळे म्हणतील, धोरण बाकीच्यांना, सेक्रेटरीबाईंच्या दाजींना माफी.

पुन्हा चेष्टा!… पुन्हा तेच!… ताई, तो शब्द पुन्हा काढलास तर मी फोन ठेवीन… मग ऐक. तुला नव्हतं सांगायचं मला. तिने लिहूनही नाही दिलेलं. लाज वाटते तिला, लिहिणार कशी? पण ती उतरली तेव्हा मी शिडीखाली होते.

एवढ्या उकाड्यात तिने जॅकेट कमरेला बांधलं होतं… का म्हणजे? तूच सांग का. इतका वेळ वर. उतरता येत नाही. तिथे ना आडोसा ना काही… हो… हो, तेच… पुरुषांचं काय, ते बाटली नेतात वर, सगळ्यांना माहितीये, कोणी बोलत नाही… आणि बाळ पाच महिन्यांचं. जेवणाच्या सुट्टीत तिची सासू गेटवर घेऊन येते त्याला पाजायला. त्या दिवशीही आली होती. पोर गेटवर रडतंय, ही वर. पाजायची वेळ टळली की काय होतं ते मी तुला सांगायला हवं का? शर्ट पुढून सगळा भिजलेला, ताई. सगळा. छातीवर हात आवळून ती एकेक पायरी उतरत होती, आणि खाली हसले.

…दाजी? माहीत नाही. ते हसले की नाही मी नाही पाहिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

ताई?… रडू नकोस. हे बघ, तू रडलीस तर मीपण रडेन आणि इथे सगळे बघताहेत… अहो, काही नाही झालं, सर्दी आहे मला! तुम्ही मागे आणखी खुर्च्या लावा!

हं… हळू बोल… काय?… कोण म्हणालं?… परत सांग… परत सांग, माईक ओरडतोय… अरे, बंद करा तो माईक क्षणभर!… हं. सांग.

उपाध्यक्ष?… आमचे?… तुमच्या घरी?… कधी?… रविवारी जेवायला. हं… म्हणजे मंगळवारच्या आधी… काय म्हणाले, अगदी जसं म्हणाले तसं सांग… ‘भांडू नका, ओरडू नका, नुसती हाताची घडी घाला. आठवडाभरात पाखरू आपोआप खाली येईल.’… असं म्हणाले?… आणि?… ‘आज ही चढली, उद्या मॅनेजर म्हणेल हे बायकांचं काम, पगार कमी करा.’ वा! आणि मॅनेजर असं म्हणाला तर त्याच्याशी लढायला ही युनियन कशासाठी आहे? गुच्छ द्यायला?

दाजी काय म्हणाले मग?… आधी नको म्हणाले?… खरंच नको म्हणाले?… आणि मग?… मग मान डोलावली. हं. तू कुठे होतीस तेव्हा?… वाढत होतीस. म्हणजे तू सगळं ऐकलंस… आणि तुला वाटलं कुठल्या खऱ्या पाखराबद्दल चाललंय? ताई!… बरं, बरं. नाही ओरडत.

आणि आता तेच उपाध्यक्ष दाजींना काय म्हणताहेत?… ‘तू मुकाट माफी मागून टाक, माझं नाव काढू नकोस, मी नंतर सांभाळून घेतो.’… अगं देवा! म्हणजे सहा महिने दाजी बाहेर, आणि हे गृहस्थ नामानिराळे. तुला ठाऊक आहे आत्ता ते काय करताहेत? स्टेजवर फुलदाणी सरळ करताहेत. स्वागताचं भाषण त्यांचंच आहे. विषय, आपली संघटना आणि समानता.

मी नाही सांगू शकत. अगं, मी कशी सांगू? मी तिथे नव्हते. आणि मी सांगितलं तर काय म्हणतील? सेक्रेटरीने दाजींना वाचवायला उपाध्यक्षांवर ढकललं. बहिणी-बहिणींनी मिळून रचलं. संपलं!… दाजींनीच सांगायला हवं. दे त्यांना… दे फोन. टीव्हीशेजारीच बसलेत ना? दे.

…दाजी? हॅलो… मी बोलतेय… दाजी, आधी माझं ऐका. तुमचं नाव मी वाचणार आहे. हो, मीच. सगळ्यांसमोर कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं तुम्हाला… माझी तक्रार नाही दाजी, मला तुमचा रागसुद्धा धड येत नाहीये, हाच माझा त्रास आहे! तुम्ही मला हात धरून त्या गेटमधून आत आणलंत. तुम्ही असं करावं?… हो… हो… पण मग सांगा ना कोणी सांगितलं ते! इथे सभेत या, उभे राहा आणि सांगा. नको म्हणाला होतात ना तुम्ही आधी?… शब्द दिलाय? त्यांना?… आणि धोरणाला हात वर केलात तो काय होता? तोही शब्दच ना?… हॅलो? दाजी?…

ताई, तू का आलीस परत? कुठे गेले?… खिडकीपाशी. पाठ करून… हं. म्हणजे नाही बोलणार.

बरं. ठीक आहे… नाही, रागावले नाहीये. थकले. ठेवते मग… बोलावताहेत मला… आले हो, आले, अध्यक्षसाहेब!… ताई, ठेवू?… काय?

काय म्हणालीस?… तू?… तू येणार? इथे?… अगं, पण… अगं ऐक ना, ताई, तू सभासद नाहीस. सभेत बोलायला सभासद लागतो. नियम आहे… कोणी केला म्हणजे? आम्हीच केला!… हो, ‘कुटुंब’ म्हणतो आणि घरच्यांना बोलू देत नाही, खरं आहे तुझं, पण आत्ता त्यावर वाद घालायला वेळ…

थांब. थांब जरा. सभेने परवानगी दिली तर पाहुण्याला बोलता येतं. आज पाहुणे बोलणारच आहेत ना? मग तू पाहुणी… हो, मी मागते परवानगी. हात वर करायला सांगते सगळ्यांना. बघू कोण घडी घालून बसतंय ते.

पण विचार करून ये, ताई. इथे बोललीस की ते दाजींवरही येणार. त्यांनी मान डोलावली, तेही तुला सांगावं लागेल. अर्धं सांगून नाही चालणार… आणि घरी परत तिथेच जायचंय तुला, त्याच घरात… माहितीये? नक्की?… कशामुळे पण? नवऱ्याला एकट्याला अडकवलं म्हणून, की त्या पोरीसाठी?… दोन्ही. बरं. दोन्ही असू दे.

दाजींना सांगून निघ. चोरून नको… ऐकताहेत? मग झालं. तू चपला घाल. आणि आलीस की मागे, चहाच्या टेबलाशी उभी राहू नकोस, तिथे तुझ्या हातात लगेच किटली देतील. सरळ आत ये. तिसऱ्या रांगेत ये. दोन खुर्च्या आहेत रिकाम्या, सांगितलं ना… हो, तिच्या शेजारच्या.

अध्यक्षसाहेब, पहिला विषय जरा थांबवा… कारण एक पाहुणी यायचीय… नाही, पत्रिकेत छापलेल्यांतली नाही. आत्ताच ठरलंय.

उपाध्यक्षसाहेब, तुम्ही कुठे निघालात? बसा ना… गुच्छ राहू द्या, मी बघते. बसा. ओळखता तुम्ही पाहुणीला. रविवारी तिच्या हातचं जेवलात.

…हो ताई, तेच. अजून आहेत इथे. निघ तू. ठेवते.